सत्त्याऐंशी रुपये आठ आण्यांचे चित्र

१/
१९५६ साली एअर इंडियाने मुंबईतील एका तेवीस वर्षांच्या चित्रकर्तीकडून सहा चित्रे विकत घेतली. किंमत प्रत्येकी साडेसत्त्याऐंशी रुपये. दशमान नाणी १९५७ च्या एप्रिलमध्ये आली. तेव्हा त्या वेळच्या हिशेबात ८७ रुपये ८ आणे. सहा चित्रांचे मिळून ५२५ रुपये. या खरेदीपासून सुरू झालेला संग्रह पुढे सुमारे ४,००० कलाकृतींपर्यंत वाढला.

ती चित्रकर्ती नागपूरकडची होती. मूळ चित्र विकत घेणे आणि ते भिंतीवर लावून त्याच्यासोबत राहणे, या साध्या वाटणाऱ्या कृतीचा इतिहास तिच्या निमित्ताने. (थ्रेड)

२/
नाव बी. प्रभा. जन्म १९३३, नागपूरजवळील बेला या गावी. आरंभीचे कलाशिक्षण नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये, नंतर मुंबईचे सर ज. जी. कला विद्यालय. तेथे १९५४-५५ मध्ये चित्रकला आणि भित्तिचित्रण यांची पदविका. पती बी. विठ्ठल हे शिल्पकार. दोघांनी मिळून मुंबईत संसार मांडला, तो दोन कलावंतांचा संसार जसा असतो तसाच. महिन्याचा पगार नावाची वस्तू घरात नाही.

अशा घरात ५२५ रुपये एकरकमी येणे म्हणजे काय, याचा अंदाज सोन्याच्या भावावरून येतो. १९५६ मध्ये दहा ग्रॅम सोने साधारण नव्वद रुपयांना मिळत असे. म्हणजे एक चित्र आणि दहा ग्रॅम सोने जवळपास एकाच भावात. त्या वर्षी लग्नसराईत किती कुटुंबांनी सोने घेतले असेल आणि किती जणांनी चित्र, हा प्रश्न विचारण्याचीही गरज नाही.

३/
आता थोडे मागे, नागपुरात.

मध्य प्रांत १८६१ मध्ये स्थापन झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाले. १८६३ मध्ये येथे मध्यवर्ती संग्रहालय उभे राहिले. नागपूरकरांसाठी तो आजही ‘अजब बंगला’. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी होते. दुसऱ्या दिवशी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि राजधानीपण संपले. प्रभा यांची सहा चित्रे विकली गेली तेच हे वर्ष. हा केवळ योगायोग असला तरी लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण या शहरातून राजधानीच्याही आधी चित्रकार निघून जाऊ लागले होते.

४/
सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ मध्ये मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथे झाला. मंडला तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतातच. १९३९ ते १९४३ या काळात ते नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. बापूराव आठवले हे त्यांचे गुरू. नंतर मुंबई. तेथे पोटासाठी एक्सप्रेस ब्लॉक स्टुडिओत नोकरी. छपाईचे ठसे तयार करणाऱ्या त्या कारखान्यात दिवसभर काम आणि उरलेल्या वेळात रंग.

हरी अंबादास गाडे यांचा जन्म १९१७ मध्ये अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथे. विज्ञानाचे पदवीधर, शिक्षक, आणि तेही नागपूर स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी.

वासुदेव गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी थेट नागपुरातच. घराणे गोव्याचे, बालपण पुढे गिरगावातील चाळीत, पण जन्मगाव हेच.

५/
१९४७ मध्ये मुंबईत सूझा, रझा, आरा, हुसेन, बाकरे आणि गाडे या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. सहापैकी दोघे नागपूरच्या कलाशाळेतून आलेले. गायतोंडे थोड्याच काळात या वर्तुळात सामील झाले. भारतीय आधुनिक चित्रकलेच्या कोणत्याही पुस्तकात ही नावे पहिल्या काही पानांतच भेटतात.

मात्र या चित्रकारांची चित्रे पाहायची तर नागपूरकराला आजही बहुधा मुंबईची किंवा दिल्लीची गाडी पकडावी लागते. असे का झाले, याचे उत्तर चित्रकारांच्या चरित्रात अर्धेच सापडते. उरलेले अर्धे भिंतींच्या इतिहासात आहे.

६/
मराठी घराच्या भिंतीवर पूर्वी काय असे?

अठराव्या शतकातील वाड्यांमध्ये चित्र म्हणजे बहुधा भिंतच. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणविसांच्या वाड्यातील रंगवलेल्या भिंती आजही पाहता येतात. चित्रकार घरी येई, राहत असे, पुराणातील प्रसंग भिंतीवर उतरवी आणि बिदागी घेऊन पुढच्या गावी जाई. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारालाही चित्रकारांचा आश्रय होता. चित्र विकत घेण्याची वस्तू नव्हती. चित्रकाराला पोसणे ही व्यवस्था होती. घर आणि चित्र एकमेकांपासून वेगळे करता येत नसत. वाडा पडला की चित्रही पडे.

७/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापखाने आले. पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा प्रेस सुरू झाला; विष्णुशास्त्री चिपळूणकर हे त्यामागील प्रमुख नाव. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत घाटकोपरला निघाला आणि काही वर्षांत लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी, सरस्वती, दमयंती आता काही आण्यांत मिळू लागल्या. काच लावून, चौकट करून त्या तसबिरी माजघरात गेल्या. नंतर दुकानांनी फुकट वाटलेली कॅलेंडरे आली.

या छापील चित्रांना नाक मुरडण्याचे कारण नाही. ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत जाऊ दिले जात नव्हते त्यांच्याही घरात देवाचे रूप पोहोचले, ही लहान गोष्ट नव्हे. पण एक परिणाम घडलाच: चित्र म्हणजे आण्या-दोन आण्यांची वस्तू, हा हिशेब मध्यमवर्गाच्या मनात पक्का बसला. जिवंत चित्रकाराला त्याच्या हातच्या कामाचे पैसे मोजण्याची सवय पडायच्या आतच सुटली.

८/
मग खरे चित्र घेई कोण? संस्थानिक. साताऱ्याजवळील औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे यातले सर्वांत जिव्हाळ्याचे उदाहरण. स्वतः चित्रकार, कीर्तनकार, सूर्यनमस्कारांचे प्रचारक. १९३८ मध्ये त्यांनी औंधच्या टेकडीवर संग्रहालय उभारले. रविवर्मा, धुरंधर आणि इतर समकालीन चित्रकारांची कामे तेथे आहेत. हेन्री मूर यांचे एक शिल्पही आहे. एवढ्याशा संस्थानाच्या राजाने, बहुतेक चित्रकार हयात असताना, त्यांचे काम घेतले.

१९४८ मध्ये संस्थाने विलीन झाली. औंधही झाले. चित्रकारांचा तो आधार एका वर्षात गेला.

९/
म्हणून १९५० चे दशक महत्त्वाचे ठरते. राजे गेले होते, आजच्यासारखी गॅलऱ्यांची रांग उभी राहिली नव्हती, लिलावगृहे नव्हती. चित्र घेणारा नवा माणूस कोण असेल, हे ठरायचे होते.

मुंबईत तो माणूस अनेक रूपांत पुढे आला. त्यांतले पहिले रूप अनपेक्षित होते: नाझी राजवटीपासून जीव वाचवून आलेले युरोपीय. व्हिएन्नाचे वॉल्टर लँगहॅमर ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कला संचालक झाले. रुडी फॉन लायडेन हे शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ आणि नंतर कलासमीक्षक. इमॅन्युएल श्लेसिंजर यांनी मुंबईत औषधांचा कारखाना काढला. हे तिघे तरुण चित्रकारांना घरी बोलावत, युरोपीय चित्रांची पुस्तके दाखवत, वाद घालत. श्लेसिंजर तर त्यांची चित्रे विकत घेऊन घराच्या भिंतींवर लावत.

१०/
लायडेन यांच्याविषयी एक गोष्ट येथे सांगायलाच हवी. या माणसाला गंजिफा या हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचे वेड होते. त्याने आयुष्यभर ते जमवले आणि त्यांवर ग्रंथ लिहिला. सावंतवाडीच्या राजघराण्याने जिवंत ठेवलेली ती कला आज आपल्या अभिमानाचा विषय आहे. पण दशावतारी गंजिफा म्हणजे मौल्यवान चित्रकला, हे ओळखून पैसे मोजणाऱ्यांत एक जर्मन भूगर्भशास्त्रज्ञ पुढे होता. बाहेरून आलेल्या माणसाला आपल्या घरातील वस्तू आधी दिसावी, हे मराठी कलेच्या इतिहासात वारंवार घडलेले आहे. सुखावह मात्र नाही.

११/
दुसरे रूप चौकटीच्या दुकानाचे. केकू गांधी यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला केमोल्ड हा चित्रांच्या चौकटींचा व्यवसाय सुरू केला. दुकानात रिकाम्या चौकटी टांगण्यापेक्षा त्यांत मित्र चित्रकारांची चित्रे लावली तर चौकटही शोभते आणि एखादे चित्रही विकले जाते, एवढी ती साधी युक्ती. आरा, हुसेन, रझा यांची चित्रे अशी रस्त्यावरच्या माणसाला प्रथम दिसली. १९५२ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरी उघडली; १९६३ मध्ये तिच्याच पहिल्या मजल्यावर केमोल्डची गॅलरी सुरू झाली.

१२/
तिसरे रूप होमी भाभा.

प्रभा यांचे पहिले प्रदर्शन भरले तेव्हा त्या अजून विद्यार्थिनी होत्या. त्या प्रदर्शनातील तीन चित्रे भाभांनी विकत घेतली. देशाच्या अणुकार्यक्रमाचा सूत्रधार एका विद्यार्थिनीच्या प्रदर्शनात थांबतो आणि तीन चित्रे बाजूला काढायला सांगतो! नागपूरजवळच्या खेड्यातून आलेल्या त्या मुलीला त्या दिवशी काय वाटले असेल, हे कोणत्याही कागदात सापडत नाही. पण चित्रकार म्हणून जगता येईल का, या प्रश्नाला मिळालेले ते पहिले ठोस उत्तर होते.

१३/
भाभा स्वतः उत्तम रेखाटने करत. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. कुलाब्याला समुद्रकाठी तिची नवी इमारत होऊ लागली तेव्हा बांधकामखर्चाचा एक टक्का कलाकृतींवर खर्च करण्याची परवानगी त्यांनी पंडित नेहरूंकडून मिळवली. फ्रान्समध्ये १९५१ पासून शाळा-महाविद्यालयांच्या इमारतींसाठी असाच एक टक्क्याचा नियम होता.

इमारतीचे उद्घाटन जानेवारी १९६२ मध्ये झाले. हुसेन यांचे ‘भारत भाग्य विधाता’ हे भव्य भित्तिचित्र तेथे १९६०च्या दशकात उभे राहिले. गायतोंडे यांचीही चित्रे या संग्रहात आली. २४ जानेवारी १९६६ रोजी विमान अपघातात भाभा गेले. त्यांच्या जागी आलेल्या एम. जी. के. मेनन यांनी खरेदी चालू ठेवली.

१४/
या संग्रहाचे वैशिष्ट्य असे की तो संग्रहालयात नाही. चित्रे मार्गिकांमध्ये, जिन्यांजवळ लावली गेली. गणितज्ञ आपल्या खोलीतून उपाहारगृहाकडे जाताना गायतोंडे यांच्या चित्रासमोरून जातो. रोज. वर्षानुवर्षे.

संग्रहालयातल्या भेटीत एका चित्रासमोर आपण किती वेळ थांबतो? मिनिट, दोन मिनिटे. त्यात ‘आवडले’ किंवा ‘कळले नाही’ एवढाच निवाडा होतो. सोबत राहणाऱ्या चित्राची ओळख निराळ्या रीतीने होते. सकाळच्या तिरप्या उन्हात त्यातला पिवळा पुढे येतो, पावसाळी दुपारी निळा खोल जातो. सहा महिन्यांनी अचानक लक्षात येते की कोपऱ्यातली एक रेघ चित्रकाराने खोडून पुन्हा ओढली आहे. न कळलेले चित्र भिंतीवर राहू दिले तर हळूहळू कळू लागते, आणि पटकन कळलेले कधी कधी फिके पडते. दोन्ही अनुभव उपयोगाचे आहेत.

१५/
मूळ चित्र आणि छापील प्रत यांतला फरक समजून घ्यायला गायतोंडे यांच्याइतका चांगला शिक्षक नाही. साठच्या दशकापासून ते ब्रशऐवजी मुख्यतः रोलर आणि पॅलेट नाइफ वापरत. रंगाचा थर देणे, तो उचलणे, खरवडणे, त्यावर पातळ थर पुन्हा सोडणे. वर्षाला मोजकीच चित्रे पूर्ण होत. उरलेला वेळ पाहण्यात आणि थांबण्यात जाई. परिणामी त्यांच्या कॅनव्हासवर प्रकाश पृष्ठभागावरून न परतता आतल्या थरांवरून परत येतो.

पुस्तकातील छायाचित्रात यातले काय उरते? एक पिवळसर आयत आणि त्यावर काही ठिपके. ‘यात काय आहे?’ असे विचारणाऱ्या बहुतेकांनी गायतोंडे फक्त छापील पाहिलेले असतात. त्यांचा दोष नाही. त्यांच्या गावात पाहायला मूळ चित्रच नव्हते.

१६/
पुन्हा एअर इंडियाकडे. परदेशातील शहरांत कंपनीची तिकीट कार्यालये उघडत होती आणि त्यांच्या भिंती रिकाम्या होत्या. ‘महाराजा’ ही मिश्कील प्रतिमा निर्माण करणारे बॉबी कूका ज्या कंपनीत होते, तिला हे अचूक कळले की लंडन किंवा न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून जाणाऱ्याला थांबवायचे तर काचेआड ताजमहालाचे पोस्टर पुरेसे नाही. म्हणून चित्रे. प्रभा, हुसेन, गायतोंडे, आरा. कधी रोख पैसे, कधी चित्राच्या बदल्यात विमानाचे तिकीट. परदेश पाहण्याची ऐपत नसलेल्या चित्रकारांसाठी तो सौदा वाईट नव्हता.

१९६७ मध्ये साल्वादोर दाली यांनी एअर इंडियासाठी रक्षापात्राची रचना केली आणि मोबदल्यात हत्तीचे पिल्लू मागितले. कंपनीने ते खरोखर स्पेनला पोहोचवले. सरकारी कंपनीच्या हिशेबतपासनिसाने ही नोंद कोणत्या खात्यात मांडली असेल, यावर एक स्वतंत्र थ्रेड होऊ शकतो.

१७/
प्रभा यांच्या चित्रांत तेव्हा काय होते? स्त्रिया. उंच, शिडशिडीत, मान किंचित लांब, डोळे बहुधा खाली वळलेले. कोळणी, टोपल्या, मासळी, वाट पाहणे. पुढे दुष्काळ, उपासमार, बेघरपणा हेही विषय आले. अनेक चित्रांत एकच रंग सगळ्या चित्रावर सत्ता गाजवतो आणि आकृती त्यातूनच घडल्यासारखी दिसते. सुरुवातीच्या काळात अमृता शेरगिल यांचा प्रभाव होता. तो त्यांनी लवकरच पचवला.

ही चित्रे तिकीट कार्यालयात लावली गेली, हा विचार करण्याजोगा तपशील आहे. पर्यटकाला मोह घालण्यासाठी घेतलेल्या चित्रांत थकलेली, गप्प, कष्टकरी बाई उभी होती. जाहिरात विभागाने छापून घेतलेल्या पोस्टरमध्ये ती क्वचितच आली असती. मूळ चित्र घेताना चित्रकाराचे मनही सोबत घरात येते, आणि ते घेणाऱ्याच्या सोयीप्रमाणे असेलच असे नाही.

१८/
आता पैशांचा विषय, कारण तो टाळून या थ्रेडला पुढे जाता येणार नाही.

२०१३ मध्ये मुंबईतील लिलावात गायतोंडे यांचे १९७९ मधील एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना विकले गेले. २०२१ मध्ये त्यांचे दुसरे एक चित्र जवळपास ४० कोटींना. या बातम्या वाचून ‘चित्र घ्या, श्रीमंत व्हा’ असा सल्ला देणारे पुष्कळ निघाले.

गायतोंडे यांचे निधन २००१ मध्ये झाले. दिल्लीत निजामुद्दीनच्या गच्चीवरच्या लहानशा जागेत ते अत्यंत साधेपणाने राहिले. ते कोटी त्यांनी पाहिले नाहीत. भारतीय प्रताधिकार कायद्याच्या कलम ५३-अ मध्ये फेरविक्रीच्या किमतीतील वाटा मूळ कलावंताला देण्याची तरतूद आहे. दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला फेरविक्री झाली तर ती लागू होते. कागदावर ही तरतूद चांगली आहे.

१९/
शिवाय कोटींत गेलेल्या एका चित्रामागे हजारो चित्रे अशी असतात की ज्यांची किंमत पन्नास वर्षांत महागाईइतकीही वाढत नाही. नफ्याच्या आशेने घेतलेले चित्र बहुधा गुंडाळून गोदामात जाते. चित्राचा जो लाभ हमखास मिळतो तो रोज पाहण्याचा, आणि तोच तेथे बुडतो.

याउलट ओस्लोची गोष्ट. लिऑन वोलोदार्स्की हे युक्रेनमध्ये जन्मलेले नॉर्वेचे डॉक्टर १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीत होते. पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांचे ‘ग्रामयात्रा’ हे जवळपास चौदा फूट लांबीचे चित्र त्यांना आवडले. त्यांनी ते घेतले, ओस्लोला नेले आणि १९६४ मध्ये तेथील विद्यापीठ रुग्णालयाला दिले. अनेक दशके ते रुग्णालयाच्या एका मार्गिकेत टांगलेले होते. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला १ कोटी ३७ लाख डॉलरहून अधिक किंमत आली. ती रक्कम डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी ठेवली गेली. वोलोदार्स्कींनी ते आवडले म्हणून घेतले होते. सत्तर वर्षांनंतरचा भाव त्यांना ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.

२०/
जपणूक मात्र आपोआप होत नाही. एअर इंडियाच्या संग्रहातील काही कलाकृती बेपत्ता असल्याचे २०१७ मध्ये उघड झाले आणि मोठी खळबळ उडाली. जतीन दास यांचे एक चित्र बाजारात दिसल्यावर प्रकरण पुढे आले. कार्यालये हलली, अधिकारी बदलले, नोंदवह्या अपुऱ्या राहिल्या. पुढे २०२३ मध्ये हा संग्रह राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपवण्याचा करार झाला.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना यात नवे काही नाही. मोडी कागदपत्रांचे जे होते तेच चित्रांचे. कोणाकडून, कधी, केवढ्याला घेतले याची नोंद राहिली तर वस्तू पुरावा ठरते. नोंद हरवली तर तीच वस्तू संशयास्पद होते. आज बाजारात नकली चित्रांचा सुळसुळाट आहे आणि अस्सल ठरवताना तज्ज्ञ पहिल्यांदा मागतात ती पावती, प्रदर्शनाची पुस्तिका, चित्रकारासोबतचे छायाचित्र. ८७ रुपये ८ आण्यांचा आकडा आज सांगता येतो, तोही कोणीतरी तो कागदावर टिकवला म्हणूनच.

२१/
नागपुरात ज्यांना हे करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी काही व्यावहारिक गोष्टी. शासकीय चित्रकला महाविद्यालयात किंवा शहरातील इतर प्रदर्शनांत विद्यार्थ्यांची आणि तरुण चित्रकारांची कामे पाहता येतात. भाभांनी प्रभा यांची चित्रे घेतली ती विद्यार्थिदशेतच. मुद्राचित्र म्हणजे चित्रकाराने स्वतः ठसा कोरून मोजक्या प्रतींत छापलेले, सही आणि क्रमांक घातलेले चित्र. तेही मूळच असते आणि तैलचित्रापेक्षा बरेच स्वस्त. घेताना पावती घ्यावी, मागे चित्राचे नाव, वर्ष, माध्यम लिहून घ्यावे. चित्र आपले झाले तरी त्याचे छायाचित्र छापून विकण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो, हेही ध्यानात ठेवावे.

२२/
नवतप्याच्या दिवसांत पारा ४५ अंशांच्या पुढे जाणारे हे शहर आहे. पश्चिमेच्या भिंतीवर, थेट ऊन येईल तेथे चित्र लावू नये. जलरंग तर काही उन्हाळ्यांतच उडतात. दुसरा शत्रू कूलर. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओलसर हवा माणसाला सुखावते आणि कागदाला सुजवते. कूलरच्या झोताच्या वाटेवर कागदावरील चित्र नको. कागद आणि काच यांच्यामध्ये आम्लविरहित माउंट असावा, म्हणजे बुरशी काचेला चिकटून चित्र खराब करत नाही. पावसाळ्यात ओल येणारी भिंत टाळावी आणि चौकटीच्या मागे बुचाचे छोटे तुकडे लावावेत. भिंत आणि चित्र यांच्यात बोटभर हवा खेळली पाहिजे. ओल्या फडक्याने चित्र कधीही पुसू नये. दसरा-दिवाळीच्या साफसफाईत गेलेल्या चित्रांची संख्या मोजली तर कदाचित युद्धांत गेलेल्यांपेक्षा जास्त भरेल.

२३/
गायतोंडे, प्रभा आणि गाडे या तिघांचेही निधन एकाच वर्षी झाले, २००१ मध्ये. रझा परदेशातून परतले आणि २०१६ मध्ये गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना मंडल्यात वडिलांच्या शेजारी दफन करण्यात आले.

चौघांच्याही आयुष्याच्या आरंभी नागपूर आहे. त्यांच्या चित्रांचे जे पहिले मोठे खरेदीदार कलेच्या इतिहासात नोंदले गेले, त्यांत मात्र व्हिएन्नाचा औषध कारखानदार आहे, कुलाब्याचा अणुशास्त्रज्ञ आहे, विमान कंपनी आहे. धरमपेठेतील एखाद्या वकिलाचे, सीताबर्डीच्या एखाद्या व्यापाऱ्याचे, महालातील एखाद्या शिक्षकाचे नाव त्या यादीत नाही. १९४३ मध्ये रझा मुंबईच्या गाडीत बसले तेव्हा त्यांची नागपुरात काढलेली चित्रे कोणी दहा-पंधरा रुपये देऊन ठेवून घेतली असतील तर ती आजही एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर, ट्रंकेमागे, उलट्या तोंडाने टेकून असू शकतात. सही बघायला हरकत नाही.